सुईची जाडी, डोंगराची उंची आणि अळीचा जबडा

पाइनची एक हिरवी डहाळी हातात घ्या आणि तिच्यावरच्या सुया नीट बघा. सुया एकेकट्या उगवलेल्या नसतात. तळाशी एका पातळ तपकिरी वेष्टनात दोन, तीन किंवा पाच सुयांची जुडी बांधलेली असते. आता धारदार ब्लेडने ती जुडी आडवी कापा आणि काप भिंगाखाली धरा. दोन सुयांच्या जातीत प्रत्येक सुईचा काप अर्धगोल दिसतो, तीनच्या जातीत वर्तुळाचा तिसरा हिस्सा आणि पाचच्या जातीत अगदी चिंचोळी फाक. जुडीतल्या सगळ्या सुया पुन्हा एकमेकींना चिकटवून धरल्या की पूर्ण गोल काडी होते. जणू एकच काडी कुणी दोघांत वाटून घेतली, कुणी तिघांत, कुणी पाचांत.

आपल्याला ही निव्वळ गंमत वाटते. पण सुईत अंडी घालणारी माशी, सुई कुरतडणारी अळी आणि सुईत सोंड खुपसून बसणारी खवले कीड यांचं जगणं-मरणं या वाटणीवर अवलंबून असतं. त्यात हे झाड डोंगराच्या पायथ्याला आहे की माथ्याजवळ, हा दुसरा हिशेब मिसळला की गुंता वाढतो. "जितकं वर जावं तितकी कीड कमी" असं एक सोपं वाक्य या विषयावर वारंवार ऐकू येतं. ते पुरतं खोटं नाही, पण कुठल्या किडीबद्दल आणि कुठल्या सुईबद्दल बोलतोय हे सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थही नाही.

सुईच्या आत

तोच काप पुन्हा भिंगाखाली धरू. बाहेरून पहिला थर मेणाचा. त्याखाली जाड भिंतींच्या पेशींची साल आणि तिच्याखाली आणखी एक टणक पेशींचं अस्तर. पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करण्याची छिद्रं, पृष्ठभागावर उघडी नसतात. ती खळग्यांत बसवलेली असतात आणि सुईच्या लांबीने रांगेत मांडलेली असतात. या सगळ्या चिलखताच्या आत हिरवा गर. खाण्याजोगं जे काही आहे ते इथे. गरातूनच राळेच्या नळ्या जातात. कापावर त्या टाचणीने टोचलेल्या भोकांसारख्या दिसतात आणि काप ताजा असेल तर त्यांतून चकाकणारा बारीक थेंब वर येतो. मधोमध अन्नपाणी वाहून नेणारा दांडा.

राळ हा एकच पदार्थ नाही. त्यात काही घटक हलके, उडून जाणारे असतात: पायनीन, लिमोनीन, कॅरीन वगैरे. पाइनच्या जंगलाचा जो वास येतो तो यांचाच. हे उडून गेल्यावर मागे उरतात ती जड रेझिन आम्लं, म्हणजे आपण जिला चिकट राळ म्हणतो ती. हलके घटक किड्याला विषासारखे बाधू शकतात, जड घटक त्याचं तोंड चिकटवतात. शिवाय टॅनिनसारखी संयुगं असतात, ती पचनात खोडा घालतात.

आणि एवढे सोपस्कार करून गरात हाताला लागतं काय? सुईच्या कोरड्या वजनात नायट्रोजन साधारण एक-दोन टक्के. अळीच्या स्वतःच्या कोरड्या शरीरात तो दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे अंगावर थोडं मांस चढवायचं तर अळीला कितीतरी पट सुई पोटात घालावी लागते, आणि तिच्याबरोबर राळही. अन्न जितकं निकस तितकी अळी जास्त खाते. सुईत नायट्रोजन कमी असला तर कीड आपोआप कमी होईल असं वाटतं खरं, पण उरलेल्या अळ्या भरपाई म्हणून जास्त सुया फस्त करतात, ही बाजू पटकन लक्षात येत नाही.

सुईचं वयही महत्त्वाचं. कोवळी सुई मऊ असते, तिच्यात नायट्रोजन जास्त असतो. जुनी सुई टणक. पण काही जातींत कोवळ्या सुयांमध्येच रेझिन आम्लांचा पहारा जास्त कडक असतो, त्यामुळे मऊ दिसतं तेच खायला सोपं असं गृहीत धरता येत नाही.

उंची स्वतः काहीच करत नाही

समुद्रसपाटीपासून १८०० मीटर हा आकडा झाडालाही कळत नाही आणि अळीलाही कळत नाही. त्यांना कळतं ते तापमान, ऊन, बर्फ, वारा, पाण्याची ओढ. दर १००० मीटर चढलं की हवा सरासरी ६.५ अंश सेल्सियसने थंड होते. वाढीचा हंगाम आखडतो. उन्हातली अतिनील किरणं वाढतात. माती पातळ होते आणि तिच्यातलं कुजणं मंदावतं. पाऊस मात्र कुठे वाढतो, कुठे काही उंचीनंतर घटतो. उंची हा या सगळ्याला मिळून दिलेला एक सोयीचा पत्ता आहे, एवढंच.

यातली प्रत्येक गोष्ट दोन वाटांनी किडीपर्यंत पोचते. पहिली वाट थेट किड्याच्या अंगावर. किड्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करून ऊबदार राहत नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंत जायला त्याला ठरावीक उष्णता 'जमा' करावी लागते. उबदार जागी ती लवकर जमते, थंड जागी उशिरा. युरोपातल्या पाइनवर डिप्रिऑन पिनी नावाची एक करवत माशी असते. हवामान उबदार असेल तिथे तिच्या वर्षाला दोन पिढ्या होतात, थंड जागी एकच. चीनमध्ये मॅसन पाइनवर पडणाऱ्या डेंड्रोलिमस पंक्टेटस या अळीच्या उत्तरेकडे वर्षाला दोन पिढ्या होतात, तर दक्षिण टोकाकडे चार-पाच. पिढ्यांची संख्या बदलली की नुकसान नुसतं दुप्पट होऊन थांबत नाही, कारण प्रत्येक पिढी आधीच्या पिढीला गुणते.

दुसरी वाट झाडामार्फत जाते. थंडीत हंगाम छोटा, म्हणून दरवर्षी नवा साज चढवणं झाडाला परवडत नाही. जी सुई बनवली ती टिकवायची. स्कॉट्स पाइन सौम्य हवामानात आपली सुई दोन-तीन वर्षांत टाकून देतो. उत्तरेला किंवा उंचावर तोच ती जास्त वर्षं धरून ठेवतो. अमेरिकेतल्या उंच, कोरड्या डोंगरांवरचा ब्रिसलकोन पाइन तर एकेक सुई तीस वर्षांहून जास्त काळ बाळगतो. एवढी वर्षं टिकायचं तर अंग तसं हवं: सुई आखूड, साल जाड, तेवढ्याच क्षेत्रफळामागे वजन जास्त.

ही टणकपणाची तयारी मुळात किडीसाठी नाही. ती आहे कोरड्या गार वाऱ्यासाठी, बर्फाच्या घासणीसाठी, गोठून वाळून जाऊ नये म्हणून. अळीला जे लोखंडाचे चणे चावावे लागतात ते झाडाने तिच्यासाठी भाजलेले नाहीत, ती फक्त चुकीच्या पंगतीला बसली आहे.

नायट्रोजनचं चित्र इतकं सरळ नाही. उंचावरच्या सुईत तेवढ्याच क्षेत्रफळात तो बहुधा जास्त भरलेला असतो. तेवढ्याच वजनात तो जास्त की कमी हे मात्र जातीगणिक आणि डोंगरागणिक बदलतं. म्हणजे वरची सुई सरसकट निकस नाही. ती कठीण कवचाची पण पौष्टिक असू शकते. मग मोठा जबडा असलेल्याला ती मेजवानी ठरते आणि छोटा जबडा असलेल्याला उपास. राळेचंही असंच. उंची वाढली की राळ वाढते किंवा घटते असा एकच नियम सांगणाऱ्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवून पाहिल्या तर एक कल दिसतो तो असा: थंड प्रदेशातल्या, सावकाश वाढणाऱ्या जाती संरक्षणाचा साठा बारमाही बाळगतात. उबदार प्रदेशातल्या, झपाट्याने वाढणाऱ्या जाती हल्ला झाल्यावर तो वाढवतात. पहिलीकडे दारावर कायमचा पहारेकरी, दुसरीकडे आरडाओरडा झाल्यावर धावून येणारी माणसं.

मिरवणुकीने चालणारी अळी

सुई आणि उंची या दोघांचा खेळ एकाच किड्यात बघायचा तर भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतली एक अळी घ्यावी. शास्त्रीय नाव थॉमेटोपिया पिटिओकाम्पा. या अळ्या एकीच्या मागे एक अशा लांबलचक रांगेने चालतात, म्हणून तिला मिरवणूक अळी म्हणू.

मादी पतंग उन्हाळ्यात दोन सुया एकत्र धरून त्यांच्याभोवती अंड्यांच्या ओळी रचते आणि वरून आपल्या पोटावरचे खवले कौलांसारखे चिकटवते. लांबून बघितलं तर सुयांवर एक छोटं तपकिरी कणीस लागल्यासारखं वाटतं. महिनाभराने अळ्या बाहेर पडतात तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो, त्या वर्षीच्या सुयाही आता कठीण झालेल्या असतात. अळी जेमतेम काही मिलिमीटरची. तिचा जबडा इतका छोटा की अख्खी सुई तिच्या तोंडात मावत नाही. ती सुईच्या कडेला बसून खरवडते, गर मिळेल तेवढा ओरपते आणि मधला दांडा सोडून देते. अशा खरवडलेल्या सुया पिवळ्या पडून वाळतात, आणि घरटं अजून दिसत नसतं तेव्हा ओळख पटते ती याच पिवळ्या झुबक्यावरून. सुई फार जाड असेल, तिची कड बोथट असेल तर या पिलाला दात रोवायला जागाच सापडत नाही. पुष्कळशा अळ्या इथेच संपतात.

ज्या तगतात त्या मोठ्या होतात, जबडा मोठा होतो आणि सुईची जाडी हा प्रश्नच उरत नाही. मग त्या सुई शेवटापर्यंत खातात. सुईची परीक्षा पहिल्या काही आठवड्यांत आटोपते. तिथून पुढे परीक्षा घेते उंची.

कारण ही अळी उलट्या वेळापत्रकाने जगते. बहुतेक किडे हिवाळ्यात झोपतात, ही हिवाळ्यात जेवते. झाडाच्या उन्हाकडच्या फांद्यांवर या अळ्या रेशमाचं पांढरं घरटं विणतात. दिवसा त्यात गोळा होऊन ऊन खातात, रात्री बाहेर पडून सुया खातात. यात दोन अटी आहेत. दिवसा घरट्यात तापमान ९ अंशांच्या वर गेलं पाहिजे आणि त्या रात्री बाहेरची हवा शून्याच्या वर राहिली पाहिजे. दोन्ही जमलं तर त्या रात्री जेवण, नाहीतर उपास. उंचावर उपासाच्या रात्री वाढत जातात आणि एका उंचीच्या वर वसाहती उपासमारीने मरतात. बाहेर गारठा असला तरी लख्ख ऊन पडलं तर घरटं चांगलं तापतं, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ही सीमा वर असते आणि सावलीच्या उतारावर खाली.

आता हिवाळे सौम्य होत चालले आहेत. १९७२ ते २००४ या काळात पॅरिसच्या आसपासच्या प्रदेशात या अळीची सीमा ८७ किलोमीटर उत्तरेला सरकली, आणि १९७५ ते २००४ या काळात इटलीच्या आल्प्समध्ये ती ११० ते २३० मीटर वर चढली. चाल मिळाली ती हिवाळ्यातल्या रात्री थोड्या उबदार झाल्यामुळे. वर्षाचं सरासरी तापमान बघून अंदाज बांधणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. वर चढल्यावर तिला नवी झाडंही भेटली. स्पेनच्या सिएरा नेवाडा पर्वतात बर्फयुगानंतर मागे उरलेले स्कॉट्स पाइनचे उंचावरचे पट्टे आहेत. आजवर थंडीच त्यांची राखण करत होती. आता मधल्या उंचीवरच्या काळ्या पाइनवरून, जो या अळीच्या खास आवडीचा आहे, ती त्यांच्याकडे सरकते आहे. अळी जितक्या वेगाने वर जाते तितक्याच वेगाने तिच्या अंड्यांत वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही येतील याची शाश्वती नसते. नव्या जागी शत्रू विरळ असताना अळीचे काही हंगाम मजेत जातात.

एक सूचना, विषय सोडून: ही मिरवणूक दिसली तर हात लावू नका आणि कुत्र्याला हुंगू देऊ नका. तिसऱ्या अवस्थेपासून या अळ्यांच्या अंगावर सूक्ष्म केस येतात. ते हवेतही उडतात, त्वचेची आग होते, डोळ्यांना आणि श्वासालाही त्रास होऊ शकतो.

करवतीची धार आणि सुईची जाडी

करवत माशी नावाने माशी, पण नात्याने गांधीलमाशीच्या कुळातली. मादीच्या पोटाच्या टोकाला खरोखर करवतीसारखं दातेरी पातं असतं. ती सुईच्या कडेला छोटा खिसा कापते आणि त्यात अंडं सरकवते. नंतर अंडं सुईतलं पाणी शोषून फुगतं. म्हणजे खिसा असा कापायला हवा की अंडं मावेल, राळेची नळी फुटून अंडं बुडणार नाही आणि सुई जिवंत राहील. सुई वाळली की अंडंही वाळतं.

अमेरिकेत दोन सख्ख्या शेजारणी जाती आहेत, निओडिप्रिऑन लेकॉन्टी आणि निओडिप्रिऑन पायनेटम. पहिली जाड सुयांच्या पाइनवर अंडी घालते, एकाच सुईत दाटीवाटीने बरीच. दुसरी घालते पूर्व अमेरिकेतल्या पांढऱ्या पाइनवर, आणि हा पाचच्या जुडीचा. काडी पाचांत वाटलेली, म्हणून सुई बारीक. इथे दाटीवाटी केली तर सुई वाळणारच. म्हणून पायनेटमची मादी एका सुईत मोजकी अंडी, अंतर सोडून घालते.

यांचा संकर झाला तर काय होतं हे संशोधकांनी तपासलं आहे, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वात बोलका तुकडा वाटतो. संकरित मादीला ओढ असते बारीक सुयांच्या पांढऱ्या पाइनची, पण त्या सुईवर काम करायला लागणारं कसब आणि अवजार तिच्याकडे पुरतं उतरलेलं नसतं. ती आवडीचं झाड निवडते आणि तिथे अंडी वाया घालवते. दोन जाती एकमेकींपासून वेगळ्या राहण्यामागे सुईची जाडी हे एक कारण आहे, असं यातून दिसतं. काडी किती जणांत वाटली, हा प्रश्न इथे थेट जातींच्या उत्पत्तीपर्यंत पोचला.

करवत माशीच्या अळ्यांनी राळेवरही तोड काढली आहे. सुई खाताना त्या राळ पोटात जाऊ देत नाहीत, अन्ननलिकेच्या सुरुवातीला असलेल्या पिशव्यांत ती साठवतात. झाडाला धक्का लागला की फांदीवरचा सगळा घोळका एकदम डोकं वर फेकतो आणि तोंडाशी राळेचा थेंब आणतो. मुंगी किंवा कोळी जवळ आला तर तो थेंब त्याला फासला जातो. झाडाचं हत्यार झाडाच्याच शत्रूने उचललं. अशा किडीच्या बाबतीत "राळ जास्त, म्हणून झाड सुरक्षित" हे गणित अर्धंच सुटतं, कारण जास्त राळ म्हणजे अळीच्या पिशवीतही जास्त राळ.

हिवाळा कुठे काढला?

कुठल्याही किडीवर उंचीचा परिणाम काय होईल हे ओळखायचं असेल तर मी आधी एकच प्रश्न विचारतो: हिचा हिवाळा कुठे जातो? मिरवणूक अळीचा घरट्यात. पाइन लूपर नावाच्या पतंगाचे कोष जमिनीवरच्या पाचोळ्यात. उंचावर जास्त बर्फ पडला तर कोषांवर दुलई अंथरल्यासारखं होतं, वर हवा कितीही गोठवणारी असो, खाली तापमान फारसं घसरत नाही. आणि निओडिप्रिऑन सर्टिफर या करवत माशीची अंडी हिवाळा काढतात थेट सुईत, उघड्या हवेत. ही अंडी कडक थंडी सोसतात, पण तापमान उणे ३६ अंशांच्या आसपास गेलं की गोठून मरतात.

हा आकडा डोंगराला लावून बघा, म्हणजे सोपं वाक्य कुठे मोडतं ते दिसेल. स्वच्छ, वारा नसलेल्या हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीत साचते. अशा रात्री दरीचा तळ सर्वात थंड असतो आणि मधला उतार त्याहून उबदार. उत्तर युरोपातल्या कडक हिवाळ्यात दरीतली अंडी मरतात आणि वरच्या उतारावरची वाचतात. इथे चढत जाल तशी कीड वाढलेली दिसेल, तीही उंचीमुळेच, फक्त उलट दिशेने.

खालची कडाही धोक्याचीच

पाइनच्या पट्ट्याला वरची कडा असते तशी खालचीही असते, आणि गरम-कोरड्या प्रदेशात ती कडा पाण्याअभावी ठरते. पाणी तुटलं की झाड पर्णरंध्रं मिटतं. रंध्रं मिटली की साखर बनणं थांबतं, आणि साखर नाही तर राळ कशाची बनवणार? राळ जोराने बाहेर यायला आतून दाब लागतो, आणि तो दाबही पाण्याचाच. २००२-०३ च्या दुष्काळात नैर्ऋत्य अमेरिकेत पिनियन पाइनची झाडं मोठ्या संख्येने मेली. शेवटचा घाव घातला इप्स कन्फ्यूसस या सालीखालच्या भुंगेऱ्याने, पण त्याला दार उघडून दिलं ते दुष्काळाने.

सालीखालचे भुंगेरे सुया खात नाहीत, तरी त्यांना या लेखाबाहेर ठेवता येत नाही, कारण उंचीची फसगत त्यांच्यात सर्वात स्पष्ट दिसते. उत्तर अमेरिकेतला डेंड्रोक्टोनस पॉन्डेरोसी, म्हणजे डोंगरी पाइन भुंगेरा, खालच्या जंगलांत एका वर्षात पिढी पुरी करतो. उंचावर त्याला पूर्वी अनेकदा दोन वर्षं लागत, आणि तेवढ्यात थंडी त्याची बरीच फौज मारत असे. हवामान उबदार झालं तशी एका वर्षाची पिढी वरही जमू लागली. वृक्षरेषेजवळचा, म्हणजे झाडं उगवू शकतात त्या वरच्या सीमेजवळचा, व्हाइटबार्क पाइन त्याच्या तावडीत सापडला. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने या झाडाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. भुंगेरा हे त्यामागचं एक कारण, बाहेरून आलेला तांबेरा हे दुसरं आणि मोठं.

मग उंचावरची झाडं भित्री आणि बिनहत्यारी असतात का? तसंही नाही. त्याच कोरड्या डोंगरांवर ब्रिसलकोन पाइन आणि लिंबर पाइन शेजारी उभे असतात. दोन्ही उंचावरचे, दोन्ही पाचच्या जुडीचे. भुंगेरा लिंबरला धरतो, ब्रिसलकोनला सहसा सोडतो. ब्रिसलकोनच्या सालीत आणि लाकडात टर्पीन घटकांचा, म्हणजे राळेतल्या पायनीनसारख्या हलक्या घटकांचा, साठा खूपच जास्त आहे आणि लाकूड जास्त दाट. उंची तीच, सुयांची संख्या तीच, निकाल वेगळा.

गुण बियाण्याचा की जागेचा

डोंगर चढत नुसत्या सुया मोजणाऱ्याची इथे फसगत होते. स्पेनच्या दक्षिणेत वर जाताना आधी अलेप्पो पाइन, मग सागरी पाइन आणि काळा पाइन, आणि शेवटी स्कॉट्स पाइन भेटतो. उंचीबरोबर झाडाची जातच बदलली, मग फरक उंचीचा मानायचा की जातीचा? एकाच जातीत राहिलं तरी प्रश्न सुटत नाही. वरच्या झाडाची सुई जाड आहे ती त्याच्या बियाण्यात आहे म्हणून, की थंडीत वाढल्यामुळे?

यावर उपाय जुना आणि कष्टाचा आहे. खालच्या आणि वरच्या झाडांचं बी गोळा करायचं आणि एकाच शेतात, एकाच मातीत वाढवायचं. तिथेही फरक राहिला तर तो रक्तातला, मिटला तर जागेचा. त्याहून पक्कं हवं असेल तर वरची रोपं खाली आणि खालची वर लावून बघायची. यात वर्षं जातात, म्हणूनच अशा चाचणीवर आधारलेल्या निष्कर्षाला नुसत्या सर्वेक्षणापेक्षा मी जास्त वजन देतो.

आणि एकाच उताराच्या एकाच उंचीवर, शेजारी-शेजारी उभी असलेली झाडंही सारखी नसतात. पॉन्डेरोसा पाइनवरच्या काळ्या खवले किडीत हे दिसतं. एक झाड किडीने काळवंडलेलं आणि त्याच्या फांद्यांना फांद्या लागलेलं दुसरं स्वच्छ. ही कीड हलत नाही. पिल्लू सुईवर जागा धरतं, सोंड खुपसतं आणि मादी तर मरेपर्यंत तिथेच राहते. १९७८ साली एडमंड्स आणि अल्स्टॅड या दोघांनी मांडलं की पिढ्यान्‌पिढ्या एकाच झाडावर राहून कीड त्या एका झाडाच्या राळेशी जुळवून घेते, आणि दुसऱ्या झाडावर नेली की तिचं बिनसतं. पुढे सगळ्याच खवले किडींत हे आढळलं नाही, पण प्रत्येक झाडाची राळ वेगळी असू शकते हा मुद्दा टिकला. अशा बसून राहणाऱ्या किडीला सुईचं आयुष्यही मोजावं लागतं. सुई गळली की तिच्यावरची कीड गेली. सुई कित्येक वर्षं टिकली तर घर पक्कं.

एवढं डोक्यात ठेवून पुन्हा पहिल्या डहाळीकडे या. ती किडीने खाल्लेली असेल तर आधी टोक बघा. टोकाला या वर्षीचा हिरवा झुपका शाबूत आणि मागची फांदी नागडी असेल, तर वसंतात अंड्यातून निघणारी, जुन्या सुया खाणारी कीड असण्याची शक्यता जास्त. निओडिप्रिऑन सर्टिफर असंच करते. झाडाची वाढ खुंटते पण ते बहुधा तगून जातं, कारण नव्या सुया कामावर असतात. टोकापासून बुडापर्यंत सगळंच साफ असेल तर डिप्रिऑन पिनीच्या उशिराच्या पिढीसारखं काहीतरी आलेलं असतं, आणि अशी दोन वर्षं लागोपाठ गेली तर झाड वाचणं अवघड. सुया असून कडेने खरवडलेल्या, पिवळ्या, दांडा तसाच उरलेला असेल तर खाणारा अजून लहान आहे. मग भिंग बाजूला ठेवून मान वर करा आणि उन्हाकडच्या फांद्यांवर रेशमाचे धागे दिसतात का ते बघा.